पुन्हा अर्ज करता येतो का?

शिक्षा झालेल्या माणसाच्या घरची मंडळी वकिलाकडे आली की एक प्रश्न ठरलेला असतो. "साहेब, पुन्हा अर्ज टाकता येतो का?" कधी अपील फेटाळलेलं असतं, कधी ते केलेलंच नसतं. एसटी स्टँडवर कुणीतरी सांगितलेलं असतं, की हायकोर्टात हेबियस टाकली म्हणजे सरकारला माणूस हजर करावाच लागतो. एक टाकली, ती नामंजूर झाली, तर दुसरी टाकू. दुसरी गेली तर तिसरी. सांगली जिल्ह्यातल्या जतच्या कोर्टात वकिली करता करता केस पांढरे झाले, त्यामुळे याचं उत्तर मला एका दमात देता येतं. कारण नवं असेल तर येतो, जुनंच असेल तर नाही. आणि शिक्षाच चुकीची झाली असं म्हणायचं असेल तर हेबियसच्या नादी लागू नका, अपील करा.

हे उत्तर तयार व्हायला दीडशे वर्षं लागली. त्यातली पहिली एकशेवीस वर्षं जतच्या माणसाला मुंबईच्या कोर्टात असा पहिला अर्जदेखील करता येत नव्हता, मग दुसऱ्याची गोष्ट कुठली! आमच्या भागात कोर्टाविषयी जी चिवट आशा आहे आणि तेवढाच चिवट अविश्वास आहे, त्यांचं मूळ मला या इतिहासात दिसतं.

हेबियस कॉर्पस म्हणजे माणसाला धरून ठेवणाऱ्याला कोर्टाने दिलेला हुकूम: त्याला आमच्यापुढे आण आणि कोणत्या अधिकाराने धरलंस ते सांग. अधिकार दाखवता आला तर माणूस परत आत, नाहीतर तिथल्या तिथे मोकळा. इंग्लंडातली ही जुनी रीत मुंबईत आली ती १८२४ साली सुरू झालेल्या सुप्रीम कोर्टाबरोबर. हे कोर्ट इंग्लंडच्या राजाचं. ईस्ट इंडिया कंपनी सरकारच्या मोफसल, म्हणजे मुंबईबाहेरच्या, अदालती वेगळ्या. दोघांची हद्द नेमकी कुठे, यावर पहिल्या चार वर्षांतच ठिणगी पडली.

१८२८ साली या कोर्टाने दोन प्रकरणांत हेबियसचे हुकूम काढले. एक मोरो रघुनाथ या पुण्याच्या चौदा वर्षांच्या मुलासाठी. तो त्याचे चुलत आजोबा पांडुरंग रामचंद्र यांच्या ताब्यात होता, आणि हे आजोबा बड्या सरदार घराण्यातले. दुसरा बापू गणेश नावाच्या माणसासाठी. तो कंपनीच्या अदालतीच्या हुकमाने ठाण्याच्या तुरुंगात होता. मोरो रघुनाथाची गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांतून जास्त गाजली, पण मला बापू गणेश जवळचा वाटतो. एका कोर्टाने आत टाकलेल्या माणसाला दुसरं कोर्ट हेबियसने बाहेर काढू शकतं का, हा प्रश्न आपल्याकडे पहिल्यांदा उभा राहिला तो त्याच्यामुळे. आज कोल्हापूरच्या कळंबा तुरुंगातून जो कैदी अर्ज पाठवतो तो नकळत हाच प्रश्न पुन्हा विचारत असतो.

गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी हे हुकूम मानायचे नाहीत असं ठरवलं. पुण्याच्या सरदारांना मुंबईच्या कोर्टात खेचलं तर दख्खन हातातून जाईल, ही त्यांची धास्ती. कोर्टात तीन न्यायमूर्ती होते. सर एडवर्ड वेस्ट ऑगस्टमध्ये वारले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सरकारने उरलेल्या दोघांना पत्र लिहून कळवलं, की असे हुकूम बजावू दिले जाणार नाहीत. त्याच महिन्यात सर चार्ल्स चेंबर्स गेले. एकटे उरले सर जॉन पीटर ग्रँट. त्यांनी काय करावं? १ एप्रिल १८२९ रोजी कोर्टच बंद केलं. हुकूम पाळले जाणार नसतील तर ते द्यायला बसायचं कशाला, असा रोखठोक हिशेब.

वाद लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला आणि १८२९ सालीच निकाल लागला: मुंबईच्या सुप्रीम कोर्टाला हेबियसचा हुकूम काढता येईल तो मुंबई बेटात राहणाऱ्यावर, किंवा बाहेर राहूनही जो जातीने त्या कोर्टाच्या अधिकाराखाली येतो त्याच्यावर, कंपनीच्या अदालतीच्या जेलरवर नाही. बापू गणेश हरला आणि त्याच्याबरोबर अख्खं मोफसल हरलं. नवे दोन न्यायमूर्ती पाठवताना कंपनीवर देखरेख करणाऱ्या लंडनच्या मंडळाचा अध्यक्ष लॉर्ड एलेनबरोने माल्कमला खाजगी पत्रात लिहिलं, की ग्रँट आता दोन माणसाळलेल्या हत्तींच्या मधे सापडलेल्या रानहत्तीसारखा होईल. पत्र फुटलं, बोभाटा झाला, निकाल मात्र कायम राहिला.

त्या वेळी जत कुठे होतं? डफळापूरच्या पाटलांचं चव्हाण घराणं आदिलशाहीच्या काळात इथे देशमुख झालं, त्यांचेच पुढे डफळे झाले. १८२० च्या तहाने ते साताऱ्याच्या छत्रपतींचे जहागीरदार ठरले. १८२७ साली कर्ज थकल्यामुळे छत्रपतींनी जत जप्त केलं. ते परत मिळालं १८४१ साली. म्हणजे मुंबईत हेबियसवरून कोर्टाला कुलूप लागलं तेव्हा जतची रयत साताऱ्याच्या कारभाराखाली होती. तिच्या गाऱ्हाण्याची धाव फार तर साताऱ्यापर्यंत.

आणि ज्या गादीकडे ही धाव जायची त्या गादीवरचा माणूसच दहा वर्षांनी कैदी झाला. ५ सप्टेंबर १८३९ रोजी कंपनीने छत्रपती प्रतापसिंहांना पदच्युत केलं आणि काशीला नेऊन ठेवलं. आरोप मोठमोठे, पण उघड खटला एकही चालला नाही. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि चौदा वर्षं तिथेच राहिले. कंपनीच्या भागधारकांच्या सभा, डायरेक्टरांची कचेरी, पार्लमेंटचे सभासद, छापील पत्रकं, पुन्हा अर्ज, पुन्हा नकार. १८४७ साली प्रतापसिंह काशीतच वारले, पुढे साताऱ्याचं राज्यही खालसा झालं, तरी रंगो बापूजी १८५३ पर्यंत हटले नाहीत. पुन्हा पुन्हा अर्ज करणाऱ्या मराठी माणसाचं याहून मोठं उदाहरण मला ठाऊक नाही. पण वकील म्हणून मी त्याकडे बघतो तेव्हा एक गोष्ट खटकते. ज्यांच्यापुढे ते अर्ज करत होते त्यांच्यावर ऐकून घेण्याचं कायदेशीर बंधनच नव्हतं. बंधन नसलेल्यापुढे शंभर अर्ज केले काय आणि एक केला काय, तो फक्त विनवणीचा कागद राहतो. अर्ज किती वेळा करता येतो हे विचारण्याआधी तो ऐकणं कुणाला भाग आहे, हे विचारावं लागतं.

सातारा खालसा झाल्यावर जत इंग्रजांचं मांडलिक संस्थान झालं. संस्थानिकाच्या जुलमाच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८७४ ते १८८५ अशी अकरा वर्षं इंग्रज सरकारने कारभार आपल्या हाती घेतला. मुंबईत १८६२ साली हायकोर्ट आलं, पण त्याची हुकमत संस्थानात नव्हती. गंमत म्हणजे खुद्द इंग्रजी मुलखातल्या मोफसलालाही हेबियस नव्हतीच. १८७२ च्या फौजदारी संहितेपासून तिची जागा कायद्याच्या कलमाने घेतली. १८९८ च्या संहितेत ते कलम ४९१ होतं, आणि ते कलकत्ता, मद्रास, मुंबई या तीन शहरांच्या हद्दीपुरतं. १८९७ साली पुण्याच्या नातू बंधूंना १८२७ च्या रेग्युलेशनखाली खटल्याशिवाय डांबलं, तेव्हा पुण्यासारख्या शहरातही या कलमाचा उपयोग नव्हता.

१९२३ च्या दुरुस्तीने कलम ४९१ हायकोर्टाच्या सगळ्या अपिली हद्दीत लागू झालं. साताऱ्याच्या, विजापूरच्या माणसाला पहिल्यांदा मुंबईला अर्ज करता येऊ लागला. १९४३ साली केशव तळपदे यांच्या अर्जावर फेडरल कोर्टाने भारत संरक्षण नियमांतला स्थानबद्धतेचा नियमच कायद्याबाहेरचा ठरवला. सरकारने लगेच वटहुकूम काढून भगदाड बुजवलं ती गोष्ट निराळी. पण जतच्या हद्दीपलीकडे इंडी तालुक्यात राहणाऱ्या शेतकऱ्याला जो अर्ज करता येत होता, तो हद्दीच्या अलीकडच्या शेतकऱ्याला करता येत नव्हता. बाजार एक, बोली एक, सोयरीक एक, कायदा मात्र दोन.

भोवतालच्या संस्थानांतही हीच तऱ्हा. त्याच १९४३ च्या जुलैत सांगली संस्थानच्या तुरुंगातून वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार बाहेर पडले ते तट ओलांडून, आणि त्यात दोघांचा जीव गेला. शेजारच्या औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवून शिक्षा झालेल्या कैद्यांना विश्वासावर उघड्यावर ठेवलं. 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट त्यावरूनच निघाला. संस्थानी मुलखात सुटका व्हायची ती अशी, राजाच्या मर्जीने नाहीतर स्वतःच्या हिमतीने. हक्काने नाही.

८ मार्च १९४८ रोजी दक्षिणी संस्थानांबरोबर जत मुंबई इलाख्यात विलीन झालं. पुढच्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेची कलमं ३२ आणि २२६ लागू झाली. कैद्याला थेट दिल्लीच्या सुप्रीम कोर्टात किंवा हायकोर्टात जाण्याची वाट मिळाली. जतला हक्क मिळाला, आणि जवळपास त्याच सुमाराला मुंबई हायकोर्टापुढे प्रश्न आला: हा हक्क किती वेळा वापरायचा?

इंग्रजी कायद्यात एक समजूत मुरलेली होती. एका न्यायाधीशाने हेबियस नाकारली तर कैद्याने दुसऱ्याकडे जावं, दुसऱ्याने नाकारली तर तिसऱ्याकडे. १९२८ साली नायजेरियातल्या एलेको या पदच्युत सरदाराच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने ती मान्य केली होती. मुंबईत प्रल्हाद कृष्ण कुरणे यांच्या प्रकरणात हाच मुद्दा पूर्णपीठापुढे आला. तेव्हा मुख्य न्यायमूर्ती होते एम. सी. छागला. ऑल इंडिया रिपोर्टरच्या १९५१ च्या खंडात छापलेल्या त्या निकालाचं सार असं, की हायकोर्ट हे एकच कोर्ट आहे. एका खंडपीठाने दिलेला निर्णय हा साऱ्या हायकोर्टाचा निर्णय. त्याच गोष्टीसाठी दुसऱ्या न्यायमूर्तीच्या दारात जाता येणार नाही. विलायतेत हेस्टिंग्ज नावाच्या कैद्याच्या प्रकरणांतून असंच ठरायला १९५८-५९ उजाडलं, आणि १९६० च्या कायद्याने तिथे नव्या पुराव्याशिवाय त्याच कारणावर दुसरा अर्ज बंद केला. या बाबतीत मुंबई लंडनच्या पुढे होती.

पुढचा टप्पा गाठला तो साताऱ्यात जन्मलेल्या माणसाने. न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी १९६१ साली दर्याव खटल्यात लिहिलं, की हायकोर्टाने रिट अर्ज गुणदोषांवर फेटाळला असेल तर तोच अर्ज कलम ३२ खाली सुप्रीम कोर्टात नव्याने आणता येत नाही; वादाला कुठेतरी शेवट हवा. पण त्यांनी एक खिडकी उघडी ठेवली. हेबियसच्या बाबतीत हाच नियम लावायचा की नाही, यावर आज मत देत नाही, असं त्यांनी नमूद केलं. न्यायाधीश काय लिहितो याइतकंच तो काय लिहायचं टाळतो हेही वाचावं लागतं, हे मी ज्युनिअरांना या निकालावरून शिकवत आलो.

ती खिडकी १९६६ मध्ये गुलाम सरवर प्रकरणात सरन्यायाधीश सुब्बा राव यांनी पुरती उघडली. हायकोर्टात हेबियस हरलेला माणूस सुप्रीम कोर्टात स्वतंत्र अर्ज करू शकतो. दिवाणी दाव्यातली 'एकदा ठरलं ते ठरलं' ही पद्धत माणसाच्या सुटकेच्या आड आणली तर घटनेने दिलेलं संरक्षणच पातळ होईल, असा त्यांचा रोख. पुढे लल्लूभाई पटेल प्रकरणात आणखी एक पाऊल पडलं. पहिल्या अर्जात न घेतलेलं नवं कारण असेल तर दुसरा अर्जसुद्धा ऐकावा लागेल. 'हे तेव्हाच का नाही म्हणालास?' हा दिवाणी कोर्टातला टोमणा कोठडीतल्या माणसाला मारता येणार नाही. त्याच कारणावर नाही, नव्या कारणावर हो, हे माझं एका दमातलं उत्तर तिथून आलेलं आहे.

हे सगळं मुख्यतः खटल्याशिवाय डांबलेल्या माणसांबद्दल. ज्याला रीतसर शिक्षा झाली त्याचं काय? त्याच्यासाठी वाट फार अरुंद आहे. १९५१ साली जनार्दन रेड्डी प्रकरणात तेलंगणच्या लढ्यातले, हैदराबादच्या विशेष न्यायाधिकरणाने फाशी सुनावलेले कैदी सुप्रीम कोर्टात आले. चांगला वकील मिळाला नाही, बचावाची संधी मिळाली नाही, असं त्यांचं म्हणणं. कोर्टाने सांगितलं, की अधिकार असलेल्या कोर्टाने शिक्षा दिली असेल तर खटल्यातल्या चुका हेबियसमध्ये तपासता येत नाहीत. १९६६ साली मिरजकर प्रकरणात, गजेंद्रगडकर सरन्यायाधीश असताना, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने कोर्टाच्या न्यायिक हुकमाविरुद्ध कलम ३२ चालत नाही असं ठरवलं. आणि २०१८ साली ठाणे पोलिसांनी अटक केलेल्या एका वकिलाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्ट म्हणालं, की मॅजिस्ट्रेटने कोठडी दिलेली असेल तर हेबियस चालणार नाही. बापू गणेशाच्या ठाण्यातच जवळजवळ दोन शतकांनंतर तोच धडा मिळाला.

मग शिक्षा झालेल्याला हेबियस मिळतच नाही का? मिळते, पण वेगळ्या कारणासाठी: शिक्षा चुकली म्हणून नाही, संपली म्हणून. गांधीहत्येच्या कटात जन्मठेप झालेले गोपाळ गोडसे कलम ३२ खाली सुप्रीम कोर्टात गेले ते याच मुद्द्यावर, की माफीचे दिवस धरले तर आपली जन्मठेप पुरी झाली. १९६१ साली कोर्टाने अर्ज फेटाळला. जन्मठेप म्हणजे उरलेला सारा जन्म, सूट देणं सरकारच्या हाती, असा तो निकाल. 'जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं' हा पारावरचा समज त्याच्यासमोर टिकत नाही. उलट बाजूला बिहारचा रुदुल साह. १९६८ साली निर्दोष सुटलेला हा माणूस १९८२ पर्यंत तुरुंगातच राहिला. १९८३ साली सुप्रीम कोर्टाने त्याला नुकसानभरपाई द्यायला लावली ती हेबियसच्याच अर्जात.

हा फरक कागदावर सोपा वाटतो, माणसासमोर बसून सांगताना तो जड जातो. तालुक्याच्या पूर्व भागातली एक बाई माझ्याकडे आली होती. भाऊ कळंब्याला, खुनाच्या प्रयत्नात शिक्षा झालेला. बाजाराच्या पिशवीत कागदांची चवड, त्यावर मेंढरांच्या लोकरीचा वास. तिने पिशवी टेबलावर उलटी केली.

"वकीलसाहेब, दोनदा फेटाळलंय म्हणत्यात. तिसऱ्या बारीला तर ऐकतील न्हवं?"

मी कागद लावून घेतले. पहिल्या हेबियसमध्ये कारण एकच: साक्षीदार खोटं बोलले. दुसऱ्यात तेच, शब्द फिरवून. दोन्ही निकाल मिळून एक पान भरत नव्हतं. मग मी सेशन कोर्टाच्या निकालाची नक्कल उलटी करून पाहिली. नकलेच्या पाठीमागे शिक्क्यात तीन तारखा असतात: अर्ज कधी दिला, नक्कल तयार कधी झाली, हातात कधी दिली. अपिलाची मुदत मोजताना यातला वेळ वगळायचा असतो. मुदत साठ दिवसांची. ती केव्हाच उलटून गेली होती.

"मावशी, अपील कुणी केलंय?"

"हेच की ते. दोन केलीत."

घरच्यांनी हेबियसलाच अपील समजून मेंढरं विकली होती. ज्या वकिलाने ते अर्ज केले त्याने हा फरक सांगितला नव्हता किंवा यांना तो समजला नव्हता. मी तिला सांगितलं, तिसरी हेबियस नको. उशीर माफ करण्याचा अर्ज जोडून तुरुंगातूनच, कायदेशीर मदतीच्या वकिलामार्फत, अपील जाऊ द्या. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिला हे पटलेलं नाही. दोन मोठे कागद हरले तिथे हा बिनपैशाचा कागद काय जिंकणार? उशीर माफ झाला, अपील दाखल करून घेतलं गेलं. पुढे शिक्षा कमी झाली. सुटका झाली नाही, पण साक्षीदारांच्या जबान्या कुणीतरी पहिल्यांदा ओळ न् ओळ वाचल्या.

यासाठीच मला कायद्यातली एक लहानशी तरतूद फार मोलाची वाटते. १९७३ च्या फौजदारी संहितेच्या कलम ३८४ मध्ये असं होतं, की तुरुंगातून पाठवलेलं अपील थोडक्यात फेटाळलं गेलं, आणि मागून कळलं की त्याच कैद्याच्या वतीने रीतसर दाखल झालेलं दुसरं अपील विचारात घ्यायचं राहून गेलं आहे, तर न्यायासाठी कोर्ट ते ऐकू शकतं. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं की तुरुंगातून गडबडीत लिहिलेला पहिला कागद हा माणसाचा पुरता शब्द नसतो.

अपील संपल्यावरही काही पायऱ्या उरतात. फेरविचार याचिका, आणि २००२ च्या रूपा हुर्रा निकालानंतर क्युरेटिव्ह याचिका. तिला ज्येष्ठ वकिलाचा दाखला लागतो, आणि ती आधी तीन सर्वांत ज्येष्ठ न्यायमूर्तींसह मूळ पीठाकडे फिरते. २०१४ पासून फाशीच्या प्रकरणात फेरविचार खुल्या कोर्टात ऐकावा लागतो. मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातल्या याकूब मेमनच्या बाबतीत या सगळ्या पायऱ्या झाल्या: २०१३ मध्ये शिक्षा कायम, फेरविचार फेटाळला, २०१५ च्या एप्रिलमध्ये पुन्हा ऐकून पुन्हा फेटाळला, जुलैत क्युरेटिव्ह फेटाळली, आणि ३० जुलैला पहाटे सुप्रीम कोर्ट उघडून शेवटचा अर्ज ऐकला गेला. त्याच सकाळी नागपुरात फाशी झाली. तेव्हा जतच्या बार रूममध्ये दोन तट पडले होते. एक म्हणे, किती लाड करायचे. दुसरा म्हणे, फाशी परत घेता येत नाही, पहाटे उठायला काय झालं? मी दुसऱ्या तटात होतो.

कोल्हापूरच्या गावित बहिणींचं प्रकरण आमच्या आणखी जवळचं. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांची फाशी कायम केली, २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी दया नाकारली, आणि १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई हायकोर्टाने फाशीची जन्मठेप केली. कारण? दयेच्या अर्जावर निर्णय घ्यायला सात वर्षं, दहा महिने, पंधरा दिवस लागले होते. गुन्ह्याचा निकाल कोर्टाने हलवला नाही. पण अपिलाच्या वेळी जे कारण जन्मालाच आलं नव्हतं, ते नंतर उभं राहिलं आणि ऐकलं गेलं. बालकांच्या हत्यांच्या त्या खटल्याने आमच्या भागातल्या आया हादरल्या होत्या; निकाल अनेकांना रुचला नाही. कायदा म्हणून तो बरोबर होता. अर्जांवर संख्येची मर्यादा असती तर तो मुद्दा कुणी मांडूच शकलं नसतं.

अमेरिकेने तसं करून पाहिलं. तिथे राज्याच्या कोर्टाने शिक्षा दिलेल्या कैद्याला हेबियस घेऊन केंद्रीय कोर्टात जाता येतं. ही वाट आपल्यापेक्षा बरीच रुंद होती. १९९५ च्या ओक्लाहोमा बॉम्बस्फोटानंतर १९९६ साली कायदा आला: पहिल्या अर्जाला एक वर्षाची मुदत, आणि दुसऱ्यासाठी आधी अपील कोर्टाची परवानगी, ती नाकारली तर त्यावर दाद नाही. आपल्याकडे असा कायदा नाही, जी बंधनं आहेत ती निकालांतून आलेली आहेत. मला ते बरं वाटतं. न्यायाधीश समोरच्या कैद्याचा कागद बघून बंधन सैल करू शकतो. आकडा तसं काही बघत नाही.

तरीही त्याच कारणावर पुन्हा अर्ज नको, हा छागलांच्या काळापासूनचा नियम मी योग्यच मानतो. एकच कागद दहा वेळा फिरला की अकराव्या खऱ्या कागदाची पाळी लांबते. पण या नियमाला तोंड दाखवायला जागा राहते ती पहिली सुनावणी खरोखर झाली असेल तरच. पहिला अर्ज मेंढरं विकून, चुकीच्या कलमाखाली, एका ओळीच्या कारणावर गेला असेल, आणि मग आपण म्हणालो की संधी देऊन झाली, तर १८२९ च्या प्रिव्ही कौन्सिलपेक्षा आपण फारसे पुढे आलो नाही. बंधन कारणावर असावं, माणसावर नसावं.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं, आणि साताऱ्या-सांगलीची प्रकरणं तिथे चालतात. जतच्या माणसाला आता रात्रभर बसून मुंबई गाठायला नको. म्हणून ज्यांच्या घरचं कुणी आत आहे त्यांना चार गोष्टी सांगतो. निकालाची नक्कल कैद्याला फुकट मिळते, ती मागून घ्या. हायकोर्टातल्या अपिलाला साठ दिवस असतात, फाशी असेल तर तीसच, ते मोजा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जा. आणि आधी कोणताही अर्ज केला असेल, तुरुंगातून पाठवलेला असला तरी, तो नव्या वकिलाला पहिल्याच भेटीत दाखवा. नव्या अर्जात तो लपवला तर नवं कारणही ऐकलं जाणार नाही.